तांबड्या मेपलचं मागणं

धुक्याच्या दुलईत गुरफटलेल्या डोंगरावर, एका रोपवाटिकेत, शेवू नावाची चिमुकली पोर राहायची. आई नव्हती. बाबा, रावजी माळी, उथळ कुंड्यांत बोन्साय करायचे. पण त्यांचे डोळे दिवसेंदिवस अधू होत चालले होते.

"डोळे जायच्या आत एक तांबडा जपानी मेपल लावायचाय गं," ते म्हणायचे. पण गरिबाघरी तो येणार कुठून?

एका सकाळी शेवू झऱ्याकाठच्या सुकलेल्या नेच्याला ओंजळीने पाणी घालत होती. तोच गुलाबी चमचम झाली आणि अंगठ्याएवढी परी समोर उभी! पुढ्यात तीन इवले मेपल.

"यातलं एक तुझं. निवडलंस की बदलायचं नाही. आणि मागणं एकच, तेही या झाडापुरतं."

"बाबांचे डोळे बरे कर ना!"

"ते माझ्या हातात नाही, बाळा."

शेवूने गाल पुसले. पहिलं रोप बारमाही गर्द लाल. पण पानं तळहाताएवढी, पेरं लांबलांब. छोट्या कुंडीत बेढब दिसलं असतं. दुसऱ्याची पानं म्हणजे लाल रेशमाच्या झिरमिळ्या. पण खोडावर कलमाची ओबडधोबड गाठ. तिसऱ्याची पानं नखाएवढी, लालचुटुक, पेरं जवळजवळ. बाबांनी शिकवलं होतं तस्संच!

"हे उन्हाळ्यात हिरवं होतं हं," परी म्हणाली.

"बाबांना दिसतंय तोवर लाल राहू दे."

"राहील."

वैशाख सरला, तरी मेपल कुंकवासारखा लाल. बाबा रोज त्याच्यापाशी बसून हसायचे. मग एका सकाळी शेवू अंगणात आली, तर पान न् पान हिरवं!

बाबा बाहेर आले, कुंडीपाशी बसले.

"आज तर कालच्याहून लाल दिसतोय, नाही?"

शेवूला हुंदका फुटला. "बाबा, हिरवा झालाय तो."

बाबांनी चाचपत तिचं डोकं शोधलं आणि कुरवाळलं. मग म्हणाले, "तुला कळू द्यायचं नव्हतं गं."

परी आली. तिने बाबांच्या बोटांना हळूच स्पर्श केला. "शेवू, तुझ्या मायेसाठी एवढंच देता येतं मला. यांच्या बोटांना झाड कळेल. रंग नाही कळायचा."

बाबांची बोटं फांदीवरून फिरली. "इथं छाटायला हवं. कात्री दे, बाळ."

आणि परी लखलखत्या सोनेरी उजेडात विरून गेली. शेवूचे डोळे दिपून मिटले. बाबा मात्र त्या उजेडाकडे तोंड करून, उघड्या डोळ्यांनी, फांदी चाचपत राहिले.