उद्यापन नसलेले व्रत

एकदा एक गृहिणी भरल्या डोळ्यांनी मारुतीच्या देवळात आली. तिचे मागणे स्वतःसाठी नव्हते, गाडीसाठी होते.

तिचे नाव हेमलता. घाटाच्या पायथ्याशी तिचे गाव. वर पठारावर तिची म्हातारी आई एकटी राहत असे. एस.टी.ने घाट चढताना हेमलताला इतका त्रास होई, की आईकडे जाणे वर्षातून एकदा, फार तर दोनदा. म्हणून तिने शिवणकाम करून साठवलेल्या पैशांत एक जुनी सेडान घेतली. लांब, निळी, डिझेलवर चालणारी, चार माणसे ऐसपैस बसतील अशी. आधीच्या तरुण मालकाने ती हौसेने वापरली होती आणि तितक्याच निगुतीने राखलीही होती. गाडी देताना तो म्हणाला, "वहिनी, ही कधी दगा देणार नाही. आणि पायाखाली जरा दाबलीत, तर वाऱ्याशी बोलेल."

हे शेवटचे वाक्य हेमलताच्या काळजात जाऊन बसले. वाऱ्याशी बोलणारी गाडी आणि आत आपली माणसे! त्याच शनिवारी मारुतीपुढे तेलाचा दिवा लावून तिने संकल्प सोडला, "देवा, माझ्या माणसांना सुखरूप ठेव. मी गाडीचा काटा चाळीसच्या वर जाऊ देणार नाही, आणि वेशीबाहेर गाडी नेणार नाही."

नेम तिने अक्षरशः पाळला. गाडी भाजीबाजारापर्यंत जाई आणि परत येई. मात्र आठ-दहा महिन्यांत ती कण्हू लागली. उभी असताना थरथरायची, निघताना आचके द्यायची. मेकॅनिकने दोनदा उघडून साफ केली. महिना बरा जाई, की पुन्हा तेच.

"जुनी ती जुनीच," नवरा श्रीधर म्हणाला. "तुझी हौस झाली ना? रविवारी संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. देऊन टाकू."

गाडी गेली, की आईकडे जाण्याची आशाही गेली. म्हणून हेमलता देवळात आली होती. तिथे रोज संध्याकाळी वामनकाका पोथी वाचत. तीस वर्षे त्यांनी याच घाटात एस.टी. चालवली होती, आणि निवृत्तीनंतर बायकांना पोथीचा अर्थ सांगणे हेच त्यांचे काम झाले होते. हेमलता पोथी त्यांच्याकडून शिकली आणि गाडीही.

तिने सारे सांगितले. काकांनी पोथी कापडात गुंडाळली.

"संकल्प सोडलास, चांगलं केलंस. उद्यापन कधी?"

"उद्यापन?" हेमलता गोंधळली. "तसं काही ठरवलं नव्हतं, काका."

"हं." काकांनी पोथी कोनाड्यात ठेवली. "रविवारी सकाळी आठला गाडी दारात आण. टाकी भरलेली असू दे. डिक्कीत तांदळाच्या दोन गोण्या टाक, पंचवीस-पंचवीस किलोच्या. श्रीधररावांना घे. मी आणि तुझी काकू येतो. आईकडे जायचंय."

हेमलताला वाटले, काकांनी नीट ऐकलेच नाही. जिला सपाट रस्ता झेपत नाही, तिच्यावर चार माणसे आणि दोन गोण्या? पण गुरूंच्या शब्दापुढे ती काही बोलली नाही.

श्रीधर मात्र रविवारी बोललाच. "काका, आजारी माणसाला पाठीवर गोणी देऊन डोंगर चढायला लावताय. मधेच बसली, तर ढकलायला मी एकटाच आहे हं!"

"तुम्ही ढकला, मी ढोबळ्या मिरच्यांची भाजी वाढते," काकू मागच्या सीटवरून डबा सावरत म्हणाल्या. "जोर येईल."

वेस आली. हेमलताचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. "काका, माझा नेम..."

"आज त्याचं उद्यापन आहे. मेहूण म्हणून आम्ही दोघं मागे बसलोय, शिधा डिक्कीत आहे. चल."

पहिल्या वळणावरच गाडीने आचका दिला. दुसऱ्या वळणावर ती अशी हिंदकळली, की श्रीधरने डोळे मिटले.

"गिअर खाली घे," काका शांतपणे म्हणाले. "दुसरा. आता दाब. घाबरू नको, चढ आहे, ती पळणार नाही. फक्त आवाज करील. अजून दाब. धर तसंच."

इंजिन गरजू लागले. हेमलताने इतका मोठा आवाज या गाडीचा कधी ऐकला नव्हता. आरशात पाहिले तर मागे काळाकुट्ट धूर.

"गेली!" श्रीधर ओरडला. "गेली गाडी!"

"गाडी नाही, काजळी गेली," काका म्हणाले. "जाऊ दे. पाय काढू नकोस, हेमा."

तिने पाय काढला नाही. ओठांवर मारुतीचे नाव होते. एक वळण, दोन वळणे, पाच वळणे. धूर विरळ झाला. आचके कधी थांबले, ते तिला कळलेच नाही. भरलेली गाडी घाट असा चढू लागली, जणू तिला याच कामासाठी कोणीतरी आज हाक मारली होती. पठारावरच्या सरळ रस्त्याला लागताच काटा चाळीस ओलांडून साठावर गेला, आणि गाडी तिथे घरच्यासारखी स्थिरावली.

रस्त्याकडेच्या आंब्याखाली त्यांनी गाडी थांबवली. इंजिन मंद, एकसारखे चालू होते. हेमलताने काकांकडे पाहिले. "तुम्ही ओझं का घालायला लावलंत, काका?"

"या गाडीत जे बळ आहे ना, ते शर्यतीसाठीच असतं असं नाही, पोरी. भरल्या घरानिशी चढ चढता यावा, यासाठीही असतं. तू ते बळ पाहून भ्यालीस आणि तिला गावातल्या गावात रांगवत ठेवलंस. डिझेल पूर्ण ताकदीने कधी जळालंच नाही, त्याची काजळी झाली; आज ओझ्याने इंजिन तापलं, तेव्हा ती जळून बाहेर पडली. तुझा संयम वाईट नव्हता. पण व्रत कशासाठी करतो आपण? मन तयार व्हावं, मग त्या मनाने कामाला लागावं. म्हणून आपल्या थोरांनी प्रत्येक व्रताला उद्यापन लावून दिलंय. ज्याचा शेवटच ठरवला नाही, ते व्रत राहत नाही, हेमा. हळूहळू ती भीती होते, आणि आपण तिलाच रोज दिवा लावत बसतो."

श्रीधर खाली उतरला, थोडा दूर गेला आणि फोनवर कोणाशी तरी बोलला. परत येऊन त्याने फक्त एवढेच म्हटले, "संध्याकाळी कोणी येणार नाहीये. घाई करू नकोस."

हेमलताने पहिला गिअर टाकला. ज्या देवाने आपल्याला सांभाळावे म्हणून तिने नेम धरला होता, त्यानेच हे बळही दिले असेल, हा विचार तिला आजवर शिवला नव्हता. आपल्यापैकी किती जणी आपापले बळ असेच वेशीच्या आत, जपून ठेवतात, नाही का?

गाडी अंगणात शिरली. आवाज ऐकून आई काठी टेकत ओट्यावर आली. काठी बाजूला ठेवून तिने जवळ आलेल्या लेकीच्या गालांवरून दोन्ही हात फिरवले, बोटे आपल्या कानशिलांवर मोडली, आणि मग ओट्यावरूनच त्या निळ्या गाडीकडे पाहत राहिली.

"वर्ष होत आलं गं गाडी घेऊन," आई म्हणाली. "मी रोज रस्त्याकडे बघायची. बिघडली होती का?"

हेमलताने आईचा हात आपल्या हातात घेतला.

"नाही गं आई. गाडी चांगलीच होती. मीच थांबले होते."