पत्र्याएवढा उशीर

गावातली गिरणी अजून डिझेलवर चालायची, तेव्हाची गोष्ट. गिरणीच्या इंजिनातला पिस्टन पार थकून गेला होता. हवा दाबत दाबत तो वर चढायचा, आणि माथा गाठायच्या कितीतरी आधी पंप डिझेल उडवायचा. भडका व्हायचा तो थेट पिस्टनच्या डोक्यावर. तरी उरलेला चढ चढावाच लागायचा.

"बघ, एकदा तरी उशीर केला का मी?" पंप ऐटीत विचारायचा. पिस्टन तक्रार न करता पुढचा फेरा सुरू करायचा.

बाहेर मात्र ठकठक ऐकू जायची. गिरणीवाल्या सगुणाबाई वैतागून म्हणाल्या, "मिस्त्री, पिस्टन म्हातारा झाला. काढा नि टाका भंगारात."

हसनमिस्त्रींनी आधी चाक हाताने हळूहळू फिरवलं. पंपाच्या तोंडाशी डिझेल हललं, तेव्हा डिझेल कधी उडावं ते दाखवणारी चाकावरची खूण अजून दोन बोटं लांब होती.

"त्या बिचाऱ्याला कशाला बोल लावता, बाई? घाई पंपाची आहे."

त्यांनी पंप सैल करून खाली एक पातळ पत्रा घातला. पंप जरा वर उचलला गेला, त्याला ढकलणारा दांडा उशिरा पोचू लागला; तेवढ्या पत्र्याएवढा पंपाला उशीर होऊ लागला, आणि ठकठक थांबली.

"मी तर तुझ्या मदतीलाच धावत होतो रे," पंप ओशाळून म्हणाला.

"ठाऊक आहे," पिस्टन म्हणाला. "तुझ्या मनात वाईट असतं, तर पहिल्याच दिवशी ओरडलो असतो."