बिनब्रेकची फेरी

"म्हणजे ही गाडी ट्रॅकला चालेल की नाही? एवढंच सांगा की, वस्ताद."

भरतेशनं हे तिसऱ्यांदा विचारलं होतं. पहिल्यांदा विचारलं तेव्हा हैदर वस्तादांनी चहा मागवला. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी तो सावकाश प्यायला. आता कप रिकामा झाला होता, त्यामुळे काहीतरी बोलणं भाग होतं.

"बघू," वस्ताद म्हणाले.

भरतेशला नकार ऐकू आला. टेंभीच्या माळावर येणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं की वस्तादांचं 'बघू' म्हणजे 'नाही'. समोरच्याचा चेहरा एकदम पडू नये म्हणून ते तसं म्हणत, आणि चेहरा पडायचा तो पडायचाच.

हैदर जमादार सत्तरीला आलेले. तरुणपणी दक्षिणेकडच्या शर्यती गाजवल्या. पुढं कोल्हापूरपासून तासाभरावर, या उघड्या माळावर कुणा हौशी माणसानं गाड्यांसाठी डांबरी ट्रॅक बांधला, तेव्हा तिथं शिकवायला म्हणून बसले ते बसलेच. शिकवणाऱ्याला कोच म्हणायची त्या भागात कुणाला सवय नाही. कुस्ती शिकवतो तो वस्ताद, मग गाडी शिकवतो तोही वस्तादच. ते दरसाल मोजकी माणसं हाताखाली घेत, आणि ज्यांना घेत ती हिवाळ्यात शर्यतीला उतरत.

भरतेश मगदुमाला त्या माणसांत जायचं होतं.

इचलकरंजीत त्याचे यंत्रमाग. वय चाळिशीला टेकलेलं. शर्यतीत गाडी पळवायची हे वेड त्याला शाळेपासून, पण वडिलांना तो कारखान्यात हवा होता. त्यानं वडिलांचं ऐकलं, आणि चांगलं ऐकलं. गेल्या साली वडील गेले. दुःख जरा ओसरल्यावर त्याच्या मनात पहिला विचार आला तो हाच, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली. पण लाज वाटली म्हणून विचार काही गेला नाही. आता नाही तर कधीच नाही, हे त्याला पक्कं कळत होतं. वस्तादांनी नको म्हटलं तर विचारायला दुसरं दार नव्हतं.

म्हणून त्यानं आपल्या परीनं तयारी केली होती. तयारी म्हणजे गाडी घेतली होती.

परदेशी, गडद निळी, पाचशे घोड्यांची. शोरूमच्या माणसानं शपथेवर सांगितलं होतं की ही जातच मुळी ट्रॅकवर जन्मली, रस्त्यावर फिरते ती केवळ नाइलाज म्हणून. भरतेशला ते लगेच पटलं. हायवेला त्याला कुणी मागं टाकत नव्हतं. आंबा घाटात तर पाहुणे त्याच्या शेजारी बसायला राजी नसत, आणि हे तो अभिमानानं सांगे.

आताही त्यानं ते सांगितलंच. वस्तादांनी ऐकून घेतलं, उठले आणि गाडीभोवती एक चक्कर मारली. प्रत्येक चाकापाशी वाकून आत डोकावले. बॉनेट उघडा म्हणाले नाहीत, घोड्यांची चौकशी केली नाही. भरतेश हिरमुसला. नवरीच्या घरी जाऊन तिच्या फक्त चपला बघाव्यात, तसं झालं हे.

"जावा," वस्ताद म्हणाले. "दमेपर्यंत पळवा."

"मी नाही दमत, वस्ताद."

"कुणीतरी दमंल की."

भरतेशनं हेल्मेट चढवलं आणि निघाला.

सुरुवातीच्या फेऱ्या अशा झाल्या की माळावरच्या टिटव्या उठल्या. सरळ पट्ट्यावर गाडी खेकसत सुटायची, वळण अंगावर आलं की तो ब्रेकवर उभा राहायचा, गाडी गपकन बसायची, वळायची, पुन्हा सुटायची. सगळं मनासारखं. मागं पिंपरणीच्या झाडाखाली बाकावर बसलेले वस्ताद आता काय म्हणतील, याची वाक्यं त्यानं मनात जुळवायला घेतली. त्यांतली बरीचशी फार छान होती.

मग ब्रेकचा पेडल जरा खोल गेला.

पुढच्या वळणाला आणखी खोल. गाडीत काहीतरी करपल्याचा वास आला. त्याला वाटलं, आपला भास. अजून एक फेरी मारू, वस्ताद बघतायत.

लांब पट्ट्याच्या शेवटी त्यानं पाय दाबला आणि पाय थेट खाली गेला. पेडल नव्हताच तिथं, चिखलात पाय गेल्यासारखं झालं. गाडी वळणाकडं न बघता सरळ गेली, डांबर सोडून गवतात शिरली, धडधडली, उडाली, आणि बरीच लांब जाऊन एकदाची थांबली.

धूळ खाली बसेपर्यंत तो तसाच बसून राहिला. गाडीला काही झालं नव्हतं, त्यालाही नाही. फक्त उजवा पाय अजून पेडलवर दाबलेलाच होता. त्याला भीती वाटली होती. घाटात पाहुण्यांना वाटायची, ती काय असते ते त्याला आज कळलं.

लांबून वस्ताद येत होते. दोन्ही हात वर करून काहीतरी खुणावत होते. गाडी बंद करू नका, हळू चालती ठेवा, असं ते सांगत होते, पण भरतेशला वाटलं ते रागावलेत. त्यानं घाईनं बटण दाबलं. इंजिन बंद झालं, आणि मागच्या चाकांपाशी काहीतरी करकरलं.

वस्ताद पोचले, मागच्या चाकाजवळ वाकले आणि तोंडानं च्च केलं.

"हँडब्रेक का वढला?"

तापलेल्या चाकावर हँडब्रेक ओढायचा नाही, हे टेंभीच्या माळावर पहिल्या दिवशी शिकवतात. लाल झालेल्या डिस्कला पॅड चिकटून बसतो. तिथं गाडी थांबली की गिअरमध्ये ठेवायची आणि चाकामागं वीट लावायची. म्हणून तर ट्रॅकच्या कडेनं विटांचे ढीग होते. भरतेशला आल्या आल्या वाटलं होतं, इथं काहीतरी बांधकाम चाललंय.

"मी नाही ओढला," तो म्हणाला. "इंजिन बंद केलं की गाडी आपोआप लावते."

"आपोआप?"

"हो."

वस्ताद गवतात बसले. गुडघ्यावर हात ठेवून त्यांनी गाडीकडं जरा आदरानं बघितलं.

"अजून काय काय आपोआप करती?"

भरतेशनं सांगायला सुरुवात केली. हे त्याला शंभर जणांना सांगून पाठ झालेलं होतं. चाक घसरायला लागलं की गाडी ताकद कमी करते. वळणात मागचा भाग सुटायला लागला की एकाच चाकाला हळूच ब्रेक लावते, आपल्याला कळतही नाही. आपण ब्रेक अर्धवट दाबला आणि तिला वाटलं की पूर्ण दाबायला हवा होता, तर ती पूर्ण दाबते. कुठला गिअर कधी टाकायचा ते तर तीच ठरवते...

सांगता सांगता त्याचा आवाज खाली येत गेला.

"बरं," वस्ताद म्हणाले. "मग तुमी काय करता?"

 

भरतेशनं गाडीकडं बघितलं, मग आपल्या हातांकडं. 

"मी..." तो म्हणाला, "बसतो."

वस्ताद हसले नाहीत. भरतेशला त्याचं फार बरं वाटलं, आणि रडूही आलं. चाळिशीचा माणूस, हाताखाली दीडशे कामगार, आणि डोळे भरून आले. त्यानं हेल्मेट काढायचं निमित्त करून ते पुसले.

मग तो भडाभडा बोलला. गाडी विकून टाकतो. खरी शर्यतीची आणतो, आतून मोकळी केलेली, लोखंडी पिंजऱ्याची, काही म्हणता काही आपोआप न करणारी. आपण फसलो. शोरूमवाला खोटं बोलला. रस्त्याची गाडी ती रस्त्याचीच.

वस्तादांनी त्याला बोलून संपू दिलं. मग सांगितलं की गाडीला उगीच बोल लावू नका, ती गुणाची आहे. मागं बायको-पोरं बसलीत, पाऊस लागलाय, समोर अचानक म्हैस आली, अशा वेळेला माणूस वाचवायला ती बनवली आहे, आणि ते काम ती चोख करते. तिचा ब्रेक एकदाच जोरात लावण्यासाठी आहे. तुम्ही तो प्रत्येक वळणाला लावला, वर गाडी अंगानं जड, मग ब्रेकमधलं ऑईल उकळलं. पॅड बदला, ऑईल बदला, टायर बदला, ब्रेकपर्यंत वारा जायला वाट करून द्या, म्हणजे पुष्कळ तग धरेल. त्यासाठी आठवडाही लागत नाही.

"गाडीला इलाज हाय," ते म्हणाले.

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. भरतेशला ते तरीही ऐकू आलं.

दोघं बराच वेळ गवतात बसून राहिले. वस्तादांनी त्याला यंत्रमागांबद्दल विचारलं. आवाजावरून माग बिघडलेला कळतो का, असंही विचारलं. भरतेश म्हणाला, कळतो, झोपेतसुद्धा कळतो. लहानपणी बापानं माग बंद करून, चालू करून, डोळे मिटायला लावून शिकवलं होतं. हे सांगताना त्याला वडिलांची आठवण आली, आणि आज पहिल्यांदाच त्या आठवणीत तक्रार नव्हती.

चाकं निवली. वस्तादांनी हात लावून खात्री केली, भरतेशला पेडल दाबून बघायला लावलं. घट्टपणा बराचसा परत आला होता. मग ते दार उघडून शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी पट्टा बांधला.

"जे जे बंद करता येतं ते बंद करा."

भरतेशनं बटणं दाबली. समोर पिवळे दिवे लागत गेले.

"आता एक फेरी. बेतानं. ब्रेकला पाय लावायचा न्हाई."

"ब्रेक न लावता? वस्ताद, आत्ता तर..."

"लागला तर हाय की तो. पन लावायचा न्हाई."

चिकटलेली मागची चाकं कडकन सुटली आणि गाडी गवतातून डांबरावर आली. सरळ पट्ट्यावर तो सायकलवाल्यानंही मागं टाकावं अशा बेतानं चालला होता. पाचशे घोडे होते आणि सगळे पेंगत होते. पहिलं वळण आलं आणि पाय आपसूक ब्रेककडं गेला. वस्तादांचा हात त्याच्या गुडघ्यावर येऊन पडला. दाबला नाही, नुसता ठेवला.

वळणात गाडी बाहेरच्या बाजूला सरकली, डांबराच्या कडेला लागली. वेग लवकर सोडायला हवा होता.

पुढच्या वळणाला त्यानं तो लवकर सोडला. जरा जास्तच लवकर, गाडी मध्येच रेंगाळली. त्याच्या पुढच्याला थोडा उशिरा.

 फेरी संपली तरी वस्ताद थांबा म्हणाले नाहीत, म्हणून तो चालवत राहिला.

कधीतरी, कुठल्या फेरीला ते त्याला नंतर सांगता आलं नाही, त्यानं पाय उचलला आणि गाडीचं नाक किंचित खाली झुकलेलं त्याला जाणवलं. दिसलं नाही, पाठीला जाणवलं. वजन पुढच्या चाकांवर आलं. त्यानं तेवढ्यात स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी वळली. ओढावी लागली नाही की दामटावी लागली नाही. टायरचा आवाज बारीक झाला, मग भरला, मग सुटला. त्या आवाजात काय आहे ते त्याला समजत होतं. ही गाडी त्यानं इतके महिने चालवली होती, आणि हा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता.

त्याला आनंद झाला. साधा, मोठा, शाळेतला आनंद. शेजारी कुणी नसतं तर तो ओरडला असता.

अजून एक वळण. अजून एक. वेग हळूहळू वाढत होता, ते त्याच्या ध्यानातही आलं नाही. उजवा पाय आता ब्रेककडं धावत नव्हता. वस्तादांचा हात गुडघ्यावरून केव्हा उचलला गेला, हेही त्याला कळलं नाही.

त्यानं डाव्या बाजूला बघितलं. वस्तादांचे डोळे मिटलेले होते. मान सीटला टेकलेली, ओठ जरासे उघडे. माणूस चक्क झोपला होता.

घाटात ज्याच्या शेजारी कुणी बसत नव्हतं, त्याच्या शेजारी एक म्हातारा झोपला होता. भरतेशनं पुढची फेरी त्याची झोप मोडू नये अशा बेतानं घातली. ती त्याची दिवसातली सगळ्यांत चांगली फेरी झाली, आणि बहुधा सगळ्यांत वेगवानही.

मग तो पिंपरणीखाली आला आणि गाडी हळूच थांबवली. वस्तादांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं, खाली उतरले.

भरतेशही उतरला. गाडी ट्रॅकला चालेल का, हा सकाळचा प्रश्न जिभेवर होता, पण आता त्याला त्यात काही राम वाटेना. मला शिकवाल का, हे विचारायचा धीर होईना. त्यानं आडवळणानं विचारलं.

"वस्ताद... उद्या कुठली गाडी आणू? हीच की दुसरी?"

वस्तादांनी उन्हात पडलेल्या काळ्या ट्रॅककडं बघितलं. पहिल्या वळणापासून शेवटच्या वळणापर्यंत, सावकाश.

"उद्या गाडी नको," ते म्हणाले. "पायी या. फेरी चालत मारू."