साळूचा विसावा

उंबरदऱ्याची चढण अर्धी होते तिथे कातळ खोदून केलेली बसायची जागा आहे, एक बाई ऐसपैस बसेल एवढी. दमलेला पाहुणा तिथे टेकायला गेला की देवळातले सखोबा गुरव त्याचा हात धरतात. "तिथं नको. बापयमाणसानं तिथं बसायचं नसतं," म्हणतात, आणि स्वतः उन्हात उभे राहून सांगू लागतात.

फार मागची गोष्ट. गाव वर आणि पाणी खाली झऱ्यावर. गावात रखमाजी नावाचा शेतकरी होता. त्याची बायको साळू दिवसाला चार खेपा करायची. डोईवर हंडा, त्यावर कळशी, कडेवर त्या त्या वर्षीचं लेकरू. वाटेच्या एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. मध्ये हंडा उतरवायला जागा नव्हती. रखमाजीचा साळूवर फार जीव होता, असं सांगतात. गावाला ते ठाऊक होतं. साळूला ठाऊक होतं की नाही, ते कुणी सांगत नाही.

एका चैत्रात साळू तापानं गेली. दहाव्याला झऱ्याकाठी पिंड ठेवला. कावळे जांभळीवर येऊन बसले, पण एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल," भटजी म्हणाले. "बोला."

रखमाजीनं हात जोडले. "धाकटीचं लगीन थाटात करीन." कावळे हलले नाहीत.

थोरला येसू म्हणाला, "आये, बाबाला जपीन मी."

"तुझी कपिला गाय इकायचो नाही," रखमाजी म्हणाला. एका कावळ्यानं चोच फांदीवर घासली, एवढंच.

"तिला आवडायचं काय?" भटजींनी विचारलं.

रखमाजी आठवू लागला. नाचणीची गरम भाकरी, लसणीची चटणी, अंगणातली बाज. आठवलं ते सगळं त्याच्याच आवडीचं होतं.

ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून शिववू, असं भटजी म्हणाले. रखमाजी नको म्हणाला. मग माणसं कंटाळून एकेक करत वर गेली, लेकरांनाही घेऊन गेली. शेजारची बायजाकाकू तेवढी पाणी भरत होती. एक हंडा डोईवर घेऊन निघताना ती म्हणाली, "रखमाजी, तिरडीला वाटंत इसावा दिलात तुमी. जिती होती तवा दिला होता का रं?"

ती गेली आणि तो एकटा राहिला. साळू बसलेली कशी दिसायची? चुलीपुढे बसलेली आठवली. जात्यापाशी बसलेली आठवली. नुसती बसलेली आठवेना.

बायजाकाकूचा दुसरा हंडा काठावर होता. तो भरून रखमाजीनं डोक्यावर घेतला. बापयाच्या डोईवर हंडा उंबरदऱ्यानं तोवर पाहिला नव्हता. तेव्हाही पाहायला कुणी नव्हतं. अर्ध्या चढावर त्याची मान ताठली. बसावं म्हणून त्यानं इकडे तिकडे पाहिलं. तिथे कातळ होता आणि दरी होती.

हंडा काकूच्या दारी ठेवून तो पहार आणि हातोडा घेऊन परत आला. दिवस कलेपर्यंत त्यानं एकट्यानं कातळ फोडला, म्हणे. पाथरवट हे ऐकून हसतात. फुटलेल्या हातांनी त्यानं ती जागा पुसली, म्हणाला, "बस गं साळे," आणि आपण बाजूला उभा राहिला.

खाली उतरला तेव्हा पिंड नव्हता. कावळा शिवला, असं गाव सांगतं. कुत्र्यानं नेला म्हणणारेही दोघे-तिघे निघतात. रखमाजीनं पाहिलं नव्हतं. ते कळल्यावाचूनच तो पुढची वीस वर्षं जगला. रोज एक हंडा स्वतः आणायचा, आणि त्या जागेशी थांबायचा, कुणी उठायची वाट बघत असल्यासारखा.

आजही उंबरदऱ्यात नवी नवरी पहिल्या पाण्याला जाते तेव्हा ती तिथे बसते, आणि ती आपण होऊन उठेपर्यंत नवरा हंडा धरून उभा राहतो. एक नवरी म्हणे दिवस मावळेपर्यंत उठली नाही. तिचं नाव अजून कौतुकानं घेतात. आता दारोदार नळ आलेत. तरी दुपार टळल्यावर एखादी बाई रिकामी कळशी घेऊन येते आणि तिथे टेकते. वाटेनं जाणाऱ्यानं विचारलंच, "काय गं, काय करतीस?" तर म्हणते, "काय नाय. बसलीय."