तेजनाण्याची पंगत

कुडाळच्या महिला पतसंस्थेच्या अध्यक्षा इंदुमतीबाई कोरगावकर यांना क्रिप्टोतलं फारसं कळत नव्हतं. माणसं मात्र कळत होती. संस्थेची गंगाजळी ‘तेजनाणं’ नावाच्या क्रिप्टोत घालावी म्हणून कंपनीचा मालक विक्रांत सरनोबत आपला लवाजमा घेऊन आला होता. भिंतीवरच्या पडद्यावर नाण्याचा भाव झळकत होता.

“मॅडम, माझ्यासकट आमच्या सगळ्या अधिकाऱ्यांची जन्माची पुंजी यातच आहे. आणखी कसला विश्वास हवा?”

इंदुमतीबाई विचारात पडल्या. विश्वास तोंडाने सगळेच सांगतात. तो डोळ्यांना कसा दिसावा?

“मग ठरलं,” त्या म्हणाल्या. “पैसे आजच भरतो. अट एकच. चहा झाला की तुम्हा सगळ्यांची खाती वर्षभर गोठवायची. आम्ही हवे तेव्हा पैसे काढू, तुम्ही काढायचे नाहीत.”

“अगदी आनंदाने!” सरनोबत छाती फुगवून म्हणाला.

चहा आला आणि निवत राहिला. एकेक अधिकारी मोबाइल घेऊन कोपरा गाठू लागला. सरनोबतही “एक फोन करून येतो” म्हणत व्हरांड्यात सटकला. जो तो आपली नाणी विकत सुटला होता, आणि पडद्यावरचा भाव सगळ्यांदेखत घसरत होता.

सरनोबत परतला, तेव्हा इंदुमतीबाई शांतपणे म्हणाल्या,

“साहेब, आमच्याकडे वाढपी शेवटच्या पंगतीला बसतात. तुमचे वाढपी तर जेवून, हात धुऊन मोकळे झाले. आता रिकाम्या पातेल्यापुढे आम्हाला कशाला बसवता?”