डावरी गिरकी

कातळावर पाण्याचा एक पातळ थर साचला होता, तेव्हाची ही गोष्ट. त्या पाण्याला चिकटपणा जवळजवळ नव्हताच, म्हणून एकदा फिरू लागलेला भोवरा तिथे सहसा थांबत नसे.

नवा भोवरा दिसला की सगळ्यांत मोठा भोवरा, म्हणजे आबा, विचारत, "उजवा की डावरा?" म्हणजे उजवीकडे फिरणारा की डावीकडे. आबा स्वतः उजवे, म्हणून तोही उजवा असला की म्हणत, "म्हणजे आपल्यातलाच! ये जवळ." मग दोघे एकमेकांभोवती फिरत आणि थोड्या वेळाने त्याच जागी एकटे आबाच उरत. ते आधीपेक्षा मोठे दिसत.

गिरकी नावाची छोटी भोवरी डावरी होती. तिला त्याची लाज वाटे. तिची मैत्रीण भिंगरी उजवी होती. ती सकाळी आबांकडे गेली ती परतलीच नाही.

दुपारी आबा गिरकीपाशी आले.

"तू गं?"

"डावरी," ती घाबरत म्हणाली.

"अरेरे! मग तू आपल्यातली नाहीस."

पण जवळ येताच उलट्या फिरण्यामुळे दोघांनी एकमेकांना पुढे ढकललं आणि दोघे शेजारी शेजारी पुढे निघाले. आबांनी जन्मात पहिल्यांदा पलीकडचा काठ पाहिला.

"आबा, भिंगरी कुठे आहे?"

"माझ्यातच आहे की."

"मग तिला हाक मारा ना."

आबांनी हाक मारली, आणि त्यांनीच ओ दिली.