सात हौदांचा महाल

सुभानराजांचा नवा महाल काही केल्या विकला जाईना.

महाल राजांनी स्वतः काढलेल्या नकाशावर बांधला होता, आणि दुखणं तेच होतं. वाघोटीच्या या राजांना दोन शौक. एक राज्य करायचा, तो दुपारच्या झोपेतून उरेल तेवढ्या वेळात. दुसरा घरं बांधायचा, त्याला वेळच वेळ! या महालात त्यांनी सात हौद बांधले. दिवाणखान्यात हौद, माजघरात हौद, जिन्याच्या पायथ्याशीसुद्धा हौद. सावलीनं हौदांची शोभा जाते म्हणून आवारातलं झाडन् झाड तोडलं. जागा निवडली नदीकाठची, भिंतीपलीकडे गाढवांचं कुरण. तीन सरदार महाल बघून गेले. पहिला जिना उतरला तो थेट पाण्यात. दुसऱ्याच्या बायकोला उन्हानं भोवळ आली. तिसऱ्यानं गाढवांचं स्वागतगीत ऐकलं आणि दारातूनच मुजरा करून घर गाठलं.

आता राजांच्या महालात खोट कशी निघणार? म्हणजे खोट विकणाऱ्यांत. दिवाणजींनी हळूच सुचवलं की गावातली घरं खरं तर येसू कासारीण जुळवून देते, तिला विचारून बघावं.

येसू दारोदार बांगड्या भरत हिंडायची. बांगडी भरताना बाईचा हात कासारणीच्या हातात असतो, आणि हात हातात आला की बाईचं तोंड आपोआप सुटतं. कोणाची सून वेगळी निघणार, कोणाची मागची खोली रिकामी, हे येसूला घरधन्याच्या आधी कळायचं. मग ती बांगड्यांबरोबर घरंही खपवायची. वाघोटीतली निम्मी बिऱ्हाडं तिनंच थाटून दिली होती.

राजांना हे ऐकूनच राग आला. येसूला दरबारात उभी करून ते म्हणाले, "दोन डगरींवर पाय ठेवणारा खाली पडतो, ठाऊक आहे ना? एका माणसाला एक धंदा पुरे. तुला एवढी घरं विकता येतात, तर माझा महाल विक. आठ दिवसांत. एक शब्द खोटा बोलायचा नाही, महालाला नावंही ठेवायची नाहीत. जमलं नाही तर बांगड्यांची टोपली इथं जमा करायची, आणि पुन्हा बांगडीही भरायची नाही अन् घरही दाखवायचं नाही."

त्या टोपलीवर येसूच्या घरातली पाच तोंडं जेवत होती. खोटं बोलायचं नाही आणि खरंही बोलायचं नाही, मग महालापुढे उभं राहून खोकायचं का? पण राजापुढे शहाणपण चालत नाही. ती "जी सरकार" म्हणाली आणि निघाली.

पाच दिवस ती महालाकडे फिरकलीसुद्धा नाही. रोजच्यासारख्या बांगड्या भरत हिंडली. दिवाणजींनी तिच्या मागावर लावलेला कारकून बिचारा तिच्यामागे चालून चालून रडकुंडीला आला. सहाव्या दिवशी ती परीटआळीत गजरा परटिणीच्या ओट्यावर बसली. गजराच्या बांगड्या धुण्याच्या दगडावर आपटून फुटायच्या, त्यामुळे येसूची तिथं महिन्याला फेरी असे. येसू हात दाबत असताना गजरानं गाऱ्हाणं सुरू केलं. उन्हाळ्यात नदी आटते, कपडे भिजवायला पाणी नाही, वाळत घालावे तर आळीत उन्हाचा कवडसा नाही. बारा घरं परटांची, पण हे असंच चाललं तर गाव सोडायची पाळी.

येसूनं बांगडी भरायची थांबवली आणि गजराला विचारलं, "सात हौद असलेली जागा चालेल का गं?"

आठव्या दिवशी बारा परीट दरबारात उभे राहिले. महालाच्या बदल्यात बारा वर्षं राजवाड्याचे कपडे फुकट धुऊन देऊ, म्हणाले. दिवाणजींनी मनातल्या मनात हिशेब केला आणि घाईघाईनं मान हलवली.

राजे मात्र लालबुंद झाले. त्यांच्या महालात धुणं वाळणार? नक्कीच ही बाई काहीतरी थाप मारून आली, नाहीतर महालाची निंदा तरी करून आली! त्यांनी कारकुनाला पुढे बोलावलं. त्यानं येसूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं: महालात सात हौद आहेत, आवारात एकही झाड नाही, ऊन दिवसभर असतं, आणि भिंतीपलीकडे गाढवं बांधायला कुरण आहे.

"याच तर खोडी आहेत त्या महालाच्या!" राजे ओरडले.

दरबारातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. आपण काय बोललो ते राजांनाही कळलं, पण उशिरा.

येसूनं पदर सावरला. "मी तर खोड एकही काढली नाही, सरकार. आम्ही आधी हात बघतो, मग टोपलीतून बांगडी काढतो. सरकारांच्या माणसांनी एकच बांगडी घेतली आणि दिसेल त्या हातात कोंबत बसले."

"ते राहू दे," राजे गुरगुरले. "दोन डगरींचं काय?"

"तेच विचारायचं होतं सरकारांना. मी बांगड्या भरते आणि घरं विकते. सरकार राज्य करतात आणि घरं बांधतात. दोघांचाही एकेक जोडधंदा. सरकारांच्या जोडधंद्यातलं घर माझ्या जोडधंद्यानं विकलं. आता बंद कोणाचा करायचा, ते सरकारांनीच सांगावं."

दिवाणजींनी हसू दाबायला उपरणं तोंडात धरलं. राजांनी येसूकडे पाहिलं, दिवाणजींच्या उपरण्याकडे पाहिलं, आणि मग स्वतःच असे हसत सुटले की पगडी मांडीवर आली. दोन्ही धंदे खुशाल कर, म्हणाले. राण्यांच्या बांगड्याही यापुढे तूच भर. वर आणखी काय हवं ते माग.

"एवढंच द्या, सरकार," येसू टोपली डोक्यावर घेत म्हणाली. "पुढच्या खेपेला पाया खणायच्या आधी मला बोलवा!"